विहिरीकडची पहिली ओळ

राजक्का गेल्याचं मला हजेरीपटावरून कळलं. श्रावणातला शनिवार होता. आठवड्याचा हजेरीपट सहीसाठी टेबलावर आला, तेव्हा तिच्या नावापुढे सोमवारपासून ओळीनं सहा दिवस लाल शाईतला 'गै' होता. इतक्या वर्षांत तिची गैरहजेरी मी तीन-चारदा पाहिली असेल, तीही घरातल्या लग्नकार्याची. मी बिराप्पाला हाक मारली. बिराप्पा आमच्या संशोधन प्रक्षेत्रावर झाडांना पाणी सोडतो. मंगळवेढ्याकडचा, मेंढरं विकून नोकरीला लागलेला. तो दारात येऊन उभा राहिला. "राजक्का का येत नाहीये?" मी कागदावरची नजर न काढता विचारलं. "अक्का वारली की सायेब," तो म्हणाला. "बुधवारी. तापानं पडून हुती." मी पेन खाली ठेवलं. "आणि मला कुणी सांगितलं नाही?" "तुमी पुण्याला मीटिंगला हुता." "फोन होता ना." बिराप्पा उंबऱ्याकडे बघत म्हणाला, "व्हय, फोन हुता. पर तुमाला सांगावं का न्हाई, त्येच आमाला कळंना."

त्या सहा 'गै'पैकी शेवटचे तीन ती गेल्यानंतरचे होते. मरून गेलेल्या बाईला कारकुनानं तीन दिवस गैरहजर ठरवलं होतं. मी त्याला बोलावून रागावलो, दुरुस्ती करायला लावली आणि मग सही केली. सही करताना मनात आलं, की कारकुनानं केलं ते तीन दिवसांचं आणि न कळता केलेलं. मी जे केलं ते पाच वर्षांचं होतं आणि कळून केलेलं... ते बिराप्पाला ठाऊक होतं. म्हणून त्याला कळत नव्हतं, मला सांगावं की नाही. आज दोन महिन्यांनी मी राजक्काविषयी लिहायला बसलो आहे, ते तिची आठवण म्हणून तर आहेच. पण तिच्यावर मी ठेवलेला एक ठपका चारचौघांत काढून घ्यायचा राहिला आहे, म्हणूनही आहे.

मी फळझाडांचा संशोधक आहे. सोलापुरातून मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागलं, की थोड्या अंतरावर एका खासगी विश्वस्त संस्थेचं छोटं संशोधन प्रक्षेत्र आहे, तिथे मी नोकरीला लागलो तो अजून तिथेच आहे. डाळिंब आणि बोर ही आमची नेहमीची कामं. पण आमच्या मोठ्या सरांना, म्हणजे माझ्या आधीच्या संचालकांना, एक वेड होतं. नेक्टरीनचं. नेक्टरीन म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, बिनलवेचा पीच. पीचच्या सालीवर बारीक लव असते, नेक्टरीनची साल गुळगुळीत. आत तसाच रसाळ गर आणि तशीच टणक खाचाखाचांची आठळी. ही सगळी थंड मुलखातली झाडं. हिवाळ्यात ठरावीक तास गारठा मिळाला नाही तर त्यांच्या कळ्या उठतच नाहीत, आणि आमच्याकडे पौषातल्या चार पहाटा सोडल्या तर स्वेटर पेटीतच राहतो. सोलापुरात नेक्टरीन म्हटलं की लोक हसायचे. मोठे सर म्हणायचे, "डाळिंबाला आपण काय करतो? पाणी तोडतो, ताण देतो, पानं गाळतो, मग पाणी देऊन बहार धरतो. झाडाला वाटतं, मोठं संकट येऊन गेलं, आता फुलायला हवं. तोच धाक या पाहुण्याला घालून बघू." कमी थंडीत येणाऱ्या नेक्टरीनच्या आणि पीचच्याही काही जाती त्यांनी डोंगराळ भागातल्या रोपवाटिकांतून आणवल्या. त्यातली निम्मी झाडं पहिल्या दोन उन्हाळ्यांत मेली. उरली त्यांना ताण दिला आणि तिसऱ्या वर्षी जानेवारीत त्यांवर गुलाबी फुलं आली. मोजकीच आली, पण आली.

फुलं आली म्हणजे पुढचं काम संकराचं. या झाडाचं फूल उमलायच्या आदल्या दिवशी कळीतच धरायचं, तिच्या कडेचं पुंकेसरांचं कडं अलगद काढून टाकायचं, आतला स्त्रीकेसर मात्र जराही दुखवायचा नाही. मग त्यावर आपल्याला हव्या त्या झाडाचा पराग लावायचा आणि फांदीला मलमलची पिशवी बांधायची. मी आणि दोन पदवीधर सहायक चिमटे घेऊन सकाळपासून बसलो होतो. दर दहा कळ्यांमागे सात मोडत होत्या. शेजारच्या वाफ्यात रोजंदारीवरच्या बायका खुरपत होत्या. त्यातली एक उठून मागे येऊन उभी राहिली. काळीसावळी, चाळिशीतली, कपाळावर गोंदण. बराच वेळ बघून म्हणाली, "मी बगू का सर एक?" मी थट्टेनं चिमटा पुढे केला. तो तिनं घेतलाच नाही. उजव्या अंगठ्याचं वाढवलेलं नख कळीच्या बुडाशी टेकवलं, एक हलकी गिरकी दिली, आणि पुंकेसरांचं कडं अंगठी निघावी तसं निघून आलं. आत हिरवा केसर ताठ उभा. तिनं तशा वीस कळ्या केल्या. एकही मोडली नाही. "कुठे शिकलीस?" मी विचारलं. "शिकायचं काय त्यात? सात वर्साची असल्यापास्नं बिड्या वळूलाले की सर. बिडीचं तोंड दुमडताना पान फाटलं की बिडी फुकट, शिव्या वरनं. हे फूल तर लई मऊ हाय."

ती राजम्मा. सगळे राजक्का म्हणत. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातली. नवरा चादरीच्या कारखान्यात मागावर होता. कारखाना बंद पडला आणि त्यानंतर तोही फार दिवस जगला नाही. एक मुलगी, ललिता. बिड्या वळून छाती भरून यायला लागली म्हणून राजक्का मोकळ्या हवेत खुरपायला आली होती. त्या दिवसापासून फुलांचं सगळं काम तिच्याकडे गेलं. माझ्यापेक्षा ती पाच-सहा वर्षांनी मोठी, म्हणून मीही तिला अक्काच म्हणू लागलो आणि अहोजाहो करू लागलो. नेक्टरीन हा शब्द काही तिच्या तोंडी बसला नाही. ती 'टकलं' म्हणायची. पीच तो केसवाला आणि हे टकलं. त्या सुमाराला माझेही केस मागे हटत चालले होते. एकदा झाडाखाली वाकून मी काही नोंदी करत होतो, तेव्हा मागून तिचा आवाज आला, "बिराप्पा, हिकडं ये, ह्या वर्षी एक टकलं लौकर पिकूलालंय बग." बिराप्पा हसून हसून पाण्यात बसला. मला राग आला नाही. तेव्हा आमच्यात तसं होतं.

दोऱ्यांची युक्ती तिचीच. संकर केलेल्या फांदीवर कागदी चिठ्ठी लावली की आमच्या उन्हात तिची शाई पंधरा दिवसांत उडते. राजक्का शेजारच्या मागावरून उरलेलं सूत घेऊन आली. "टॉवेलाचं सूत हाय, पक्का रंग. धा वर्सं धुतलं तरी जात न्हाई." आमचे संकर पाच होते, तिनं पाच रंग ठरवले. आईबाप दोन्ही टकली असतील तर लाल. दोन्ही केसवाले असतील तर हिरवा. मधल्या तीन जोड्यांना पिवळा, निळा आणि पांढरा. विणकर तुटलेलं सूत जोडताना मारतात तशी बारीक गाठ ती मारायची. माझ्यानं ती गाठ कधी जमली नाही. तिचं लिहिणं-वाचणं तेलुगू शाळेत चौथीपर्यंतचं. मराठी अक्षरं जुळवून वाचायची, इंग्रजी नाहीच. त्यामुळे रजिस्टर मी लिहायचो आणि ती सांगायची.

फळं धरली, पिकली, आठळ्या निघाल्या. आठळीतलं बी रुजायलाही गारवा लागतो, म्हणून त्या ओल्या वाळूत घालून प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. ऐन मे महिन्यात एका शनिवारी आमचा ट्रान्सफॉर्मर जळाला. रविवारी मी घरी होतो. भर दुपारी राजक्काचा फोन आला, "सर, काळजी करू नगा, पिल्ली गार हायेत." बिराप्पानं कळवल्यावर ती सुट्टीच्या दिवशी एस.टी.नं आली होती, रस्त्यावरच्या रसवंतीवाल्याकडून गोणपाटात गुंडाळलेला बर्फ डोक्यावरून आणला होता, आणि पाच डब्यांना तो लावून सावलीत बसून राहिली होती. डब्यांच्या कानांना तिचे पाच रंगांचे दोरे. सोमवारी वीज आली तोवर तिनं तीनदा बर्फ बदलला. आज आमच्याकडे जी झाडं उभी आहेत, ती त्या बर्फानं वाचलेली आहेत. कोणत्याही अहवालात हे नाही. अहवाल मी लिहीत असे.

रोपं झाली, आणि पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला आम्ही त्यांच्या पाच ओळी लावल्या, एका संकराची एक ओळ. लावणीच्या दिवशी मी रजिस्टर घेऊन बांधावर बसलो होतो आणि राजक्का ओळीओळीतून फिरत ओरडून सांगत होती, "एक नंबर लाल. दोन नंबर पिवळा..." मी लिहीत गेलो. एक, लाल. दोन, पिवळा. तीन, निळा. चार, पांढरा. पाच, हिरवा. प्रत्येक रोपाला त्याच्या रंगाचा दोरा होताच. नजर टाकली की कळायचं. त्यामुळे एक नंबर म्हणजे नेमकी कोणत्या बाजूची ओळ, हे रजिस्टरात लिहावं असं माझ्या मनातही आलं नाही.

दोन वर्षांनी मोठे सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मी आलो. त्याच वर्षी विश्वस्तांची पाहणी समिती येणार होती. मला सगळं नीटनेटकं हवं होतं. झाडांना बांधलेले रंगीत दोरे पाहून मला वाटलं, म्हसोबाला नवस बोलल्यासारखं दिसतंय हे. शास्त्रीय प्रयोग वाटत नाही. मी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या करून आणल्या, त्यांवर इंग्रजी अक्षरं आणि आकडे ठोकलेले, आणि राजक्काला दोरे कापायला सांगितले. "कापू?" तिनं विचारलं. "कापा," मी म्हणालो. तिनं कापले. पुढचे दोन दिवस ती भाचीच्या लग्नाला गेली. त्या दोन दिवसांत मी फाटकाशी उभा राहून रजिस्टर वाचत पट्ट्या लावून घेतल्या. फाटकाकडून पहिली ओळ, एक नंबर. दुसरी ओळ, दोन नंबर...

शेतात काम करणारा कुठलाही माणूस ओळी विहिरीकडून मोजतो. पाणी जिला आधी मिळतं ती पहिली. मी कार्यालयातून येणारा माणूस. जिथून पाहुणे आत येतात तिथून माझी पहिली ओळ. मी शेतकऱ्याचा नातू आहे आणि हे मला सुचलं नाही. आमची विहीर फाटकाच्या बरोबर दुसऱ्या टोकाला आहे.

पुढच्या एप्रिलमध्ये फाटकाजवळच्या ओळीतल्या दोन झाडांना पहिल्यांदा फळं धरली. बाकीच्या ओळी तेव्हा रिकाम्या होत्या. माझ्या पट्टीप्रमाणे ही लालची ओळ, म्हणजे आईबाप दोन्ही नेक्टरीन. फळं वाढली आणि त्यांच्यावर चक्क लव आली. हे होऊ शकत नाही. लवेचा गुण वरचढ असतो आणि बिनलवेचा दबलेला. आई-बाप दोघंही बिनलवेचे असले तर पोराला लव येणार कुठून? याचा एकच अर्थ मला दिसला: संकराच्या वेळी बाहेरचा, एखाद्या पीचचा पराग त्या फुलात शिरला. म्हणजे पिशवी उघडी राहिली. पिशव्या कोण बांधत होतं? मी राजक्काला बोलावलं. तिनं फळ बघितलं, झाड बघितलं, पट्टीवरची अक्षरं बोटानं चाचपली. म्हणाली, "सर, ही वळ लाल न्हवंच. लाल तितं हाय, विहिरीकडं. ही हिरव्याची." मी रजिस्टर उघडून तिच्यासमोर धरलं. "अक्का, हे बघा. एक नंबर लाल. तुम्हीच सांगितलंत, मीच लिहिलं." "व्हय की, एक नंबर लालच. एक नंबर विहिरीकडं अस्तंय." सहायक शेजारी उभे होते. समितीचं पत्र टेबलावर पडलं होतं, अहवाल आठवड्यात द्यायचा होता. मी म्हणालो, "चूक झाली तर झाली म्हणावं माणसानं. गोष्टी फिरवू नयेत." तिनं पट्टीवरचं बोट काढून घेतलं. मग खाली वाकून झाडाच्या बुंध्याशी काहीतरी बघितलं, आणि गेली. ती काय बघतेय, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर...

अहवालात मी लिहिलं, "परागीकरण करणाऱ्या कामगाराच्या हलगर्जीपणामुळे या ओळीची नोंद विश्वासार्ह राहिलेली नाही." राजक्काला फुलांच्या कामावरून काढून पुन्हा खुरपणीला लावलं. कारकुनानं आदेश वाचून दाखवला. संध्याकाळी एस.टी.ला जाण्याआधी ती माझ्या दारात आली. "सर, हलगर्जी म्हंजे आळशी का?" मी म्हणालो, "नाही अक्का. तसं काही नाही, कागदावर लिहावं लागतं." "मग काय म्हंजे?" "लक्ष नसणं," मी म्हणालो. तिनं मान हलवली. "लक्ष न्हवतं म्हन्ता," ती स्वतःशीच म्हणाली. पिशवीतून डबा काढून तिनं तो बाहेरच्या नळावर धुतला, पदराला हात पुसले आणि गाडी गाठायला गेली.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी त्याला चूक म्हटलं असतं. पण पुढच्या एप्रिलमध्ये विहिरीकडच्या ओळीला फळं आली. माझ्या पट्ट्यांप्रमाणे तिथे दोन्ही केसवाल्यांची संतती होती. एका झाडाचं फळ हातात घेतलं, गुळगुळीत. दुसऱ्याचं, गुळगुळीत. पाचव्या झाडापाशी मला पुढे जायची गरज उरली नाही. सगळी ओळ टकली होती. शेजारच्या वाफ्यात राजक्का खुरपत होती. ती उठून आली, खुरपं हातात तसंच. झाडाकडे बघत म्हणाली, "टकलं निघालं की सर." एवढंच. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मला बोलायला जागा करून दिल्यासारखं ते वाक्य होतं. माझ्या जिभेवर आलं होतं, अक्का, तुमचं खरं होतं. आणि मी म्हणालो, "हो... गुणधर्म कधी कधी लपलेले असतात." तिनं खुरपं दुसऱ्या हातात घेतलं. "व्हय की," म्हणाली, "लपतेत." आणि परत जाऊन खुरपायला बसली.

मी का बोललो नाही? अहवाल गेला होता, समितीनं तो वाखाणला होता, मी नवा संचालक होतो. ओळी उलट्या मोजल्या हे कबूल करायचं म्हणजे सगळ्या नोंदी उलट्या झाल्या हे कबूल करायचं. मी स्वतःला म्हणालो, पुढच्या बहारात सगळी फळं तपासून एकदम दुरुस्ती करू, आणि अक्कालाही तेव्हाच परत फुलांवर घेऊ. पुढचा बहार आला. मग त्याच्या पुढचा. नव्या माणसांनी केलेल्या संकरांत कळ्या मोडत राहिल्या आणि मी गप्प राहिलो. राजक्का रोज सकाळी "नमस्ते सर" म्हणायची. पूर्वी ती थट्टा करायची, ती मात्र तिनं पुन्हा कधीही केली नाही. पाच वर्षांत मला सगळ्यात जास्त तेच लागलं, आणि ते लागतंय हे मी कुणाला सांगू शकत नव्हतो.

ती गेल्यानंतर दहाव्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. एका बोळात, दोन्ही बाजूंना यंत्रमागांचा खडखडाट, त्यामध्ये दोन खोल्या. ललिता आता एका शाळेत बालवाडीच्या मुलांना शिकवते. तिनं मला खुर्ची दिली, चहा केला. भिंतीवर राजक्काचा फोटो होता, हार घातलेला. ललिता म्हणाली, "अम्मा रोज सांगायची तुमच्या झाडांचं. फुलांचं काम तिच्यासारखं कुणाला येत नाही म्हणून सरांनी मला ठेवलंय म्हणायची." मी कप खाली ठेवला. "कधीपर्यंत सांगायची असं?" "शेवटपर्यंत की. ह्या जानेवारीतसुद्धा म्हणाली, यंदा फुलं कमी हायेत." तिनं घरी काहीच सांगितलं नव्हतं. पाच वर्षं ती खुरपायला येत होती आणि घरी फुलांच्या गोष्टी घेऊन जात होती. मग ललिता म्हणाली, "तापात एकच बोलत होती. दोरे सैल करायचे राहिले, पावसात झाड फुगतंय, गळा आवळंल म्हणायची. कुणाचा गळा, आम्हाला कळेना. दोऱ्यांचं तुम्हीच सांगितलेलं ना तिला?" मी म्हणालो, "दोरे तर कापले होते." ललिता कप उचलून आत गेली. तिला काय कळणार होतं...

मी तिथून सरळ प्रक्षेत्रावर गेलो. विहिरीकडच्या ओळीत पहिल्या झाडापाशी गुडघ्यांवर बसलो आणि बुंध्याजवळचं गवत बाजूला केलं. जमिनीपासून वीतभर उंचीवर, ठिबकच्या नळीआड लाल दोरा होता. पुढच्या झाडाला लाल. त्याच्या पुढच्या झाडाला लाल. मग पिवळा, निळा, पांढरा, आणि फाटकाजवळ हिरवा. एकही झाड सुटलेलं नव्हतं. मी वरचे दोरे कापायला लावले त्याच दिवशी तिनं खाली नवे बांधले होते, आणि खोडं फुगली की दरवर्षी ते बदलत आली होती. मी इतकी वर्षं झाडांकडे छातीच्या उंचीवर बघत आलो, जिथे माझ्या पट्ट्या होत्या. मी तिला खुरपणीला लावलं, त्यामुळे तिचे हात रोज बुंध्याशी असत. बिराप्पा मागे येऊन उभा होता. "तुला ठाऊक होतं?" "समद्यास्नी ठावं हुतं," तो म्हणाला. "अक्का म्हणायची, सायेब एक दिवस इचारतील, मग दाखवू."

गेल्या महिन्यात मी पुन्हा ललिताकडे गेलो आणि तिला सगळं सांगितलं, अहवालातल्या त्या वाक्यासकट. तिनं उठून मागांच्या बाजूची खिडकी लावून घेतली. मग विचारलं, "तुम्हाला कळलंय, हे अम्माला माहीत होतं का?" मी म्हणालो, "हो." "आणि तरी ती रोज येत होती?" "हो." ती म्हणाली, "तिनं घरी आणलेलं तेवढंही तुम्ही आता काढून घेतलंत बघा, सर." जायला उठलो तेव्हा तिनं विचारलं, "दोरे सैल केले का कुणी?" मी म्हणालो, माझ्यानं ती गाठ सुटत नाही. कापवत तर नाहीच.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी ललिता प्रक्षेत्रावर आली. सोबत सुताची लहान पिशवी होती, आईचीच. पावसाळ्यात खोडं फुगली होती आणि दोरे सालीत रुतायला लागले होते. काही ठिकाणी डिंकाचे थेंब जमले होते. ती ओळीनं बसत गेली. गाठ नखानं सोडायची, जुना दोरा पदरात टाकायचा, नवा बांधायचा. बांधताना खोड आणि दोरा यांच्यामध्ये डाव्या हाताचं बोट घालायची आणि गाठ बसली की काढून घ्यायची. "बोटभर जागा ठेवायची, म्हणायची अम्मा. झाड वाढतंय की." मी मागे मागे चालत नव्या नकाशावर नोंद करत होतो. तो मी विहिरीकडून सुरू केला आहे. जुने अहवाल दुरुस्त करण्याचं, आणि ते वाक्य काढून तिथे माझं नाव घालण्याचं पत्र मी विश्वस्तांना पाठवलं आहे. उत्तर यायचं आहे.

शेवटी एकच झाड उरलं, विहिरीकडच्या ओळीतलं पहिलं. ललितानं लाल सूत माझ्या हातात दिलं. मी खाली बसलो, खोडाला दोरा वेढला, मध्ये बोट घातलं. माझी गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली, पण ओबडधोबड, शेतकरी गोणीला मारतो तसली. ललितानं वाकून पाहिलं. मला वाटलं, ती सोडून पुन्हा बांधेल. ती म्हणाली, "राहू द्या," आणि पदरातले जुने दोरे पिशवीत भरू लागली. मी बोट काढून घेतलं. त्या दोऱ्यात आता बोटभर जागा आहे. पुढच्या पावसाळ्यानंतर ती भरेल, तेव्हा तो मलाच सैल करायचा आहे.